दीर्घकालीन आजारातील जीवनगुणवत्तेचे मापन : वऱ्हाडच्या संदर्भात संख्याशास्त्रीय पद्धतींची चिकित्सा

गोषवारा

दीर्घकालीन आजाराने ग्रस्त व्यक्तींच्या जीवनगुणवत्तेचे मापन करण्यासाठी प्रमाणित प्रश्नावली व त्यांवर आधारित गुणांक यांचा वापर महाविद्यालयीन आणि वैद्यकीय संशोधनात सर्रास होऊ लागला आहे. प्रस्तुत लेखात या मापनामागील संख्याशास्त्रीय गृहीतकांची तपासणी अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कुष्ठरोग, सिकलसेल आणि मूत्रपिंडविकार या तीन आजारांच्या संदर्भात केली आहे. सरासरी गुणांक कोणाला मोजतो, कोणत्या काळाला मोजतो आणि कोणाला वगळतो, या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय काढलेला निष्कर्ष अपुरा ठरतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : जीवनगुणवत्ता, दीर्घकालीन आजार, क्रमसूचक मापन, विश्वसनीयता, अनुत्तरित प्रश्न, वऱ्हाड.

१. प्रस्तावना

जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ साली आपल्या घटनेत आरोग्याची व्याख्या करताना केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्याची परिपूर्ण अवस्था म्हणजे आरोग्य, अशी भूमिका घेतली. ही व्याख्या आदर्शवादी असल्याची टीका तिच्यावर झाली. परंतु तिने एक महत्त्वाचे काम केले. रुग्ण बरा झाला की नाही, या प्रश्नाच्या पुढे जाऊन तो कसा जगतो आहे, हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या कक्षेत आला.

दीर्घकालीन आजारांत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. तीव्र स्वरूपाच्या आजारात रुग्ण बरा होतो किंवा दगावतो. दोन्ही घटना मोजता येतात. दीर्घकालीन आजारात मात्र उपचार वर्षानुवर्षे चालतात आणि त्यांचे फलित जगण्याच्या दर्जात शोधावे लागते. त्यासाठी जी साधने तयार झाली त्यांचा वापर आता एवढा रूढ झाला आहे की, साधन निवडणे, शंभरएक प्रतिसादकांकडून ते भरून घेणे, सरासरी व प्रमाण विचलन काढणे आणि टी-परीक्षिका लावून सार्थकता पाहणे, हा संशोधनाचा साचाच बनला आहे. हा साचा कोठे उपयुक्त आहे व कोठे फसवा आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. मापनाची साधने व त्यांमागील गृहीतके

रुग्णाची कार्यक्षमता अंकांत मांडण्याचा एक प्रारंभिक प्रयत्न म्हणजे १९४९ साली पुढे आलेली कार्नोफ्स्की मापनी होय. शून्य ते शंभर या पट्ट्यावर दहा-दहाच्या टप्प्यांनी डॉक्टरांनी रुग्णाला गुण द्यावेत, अशी तिची रचना होती. मूल्यमापन करणारा डॉक्टर होता. रुग्णाचे मत विचारले जात नव्हते. पुढील चार दशकांत हा दृष्टिकोन पालटला. १९९० च्या दशकात प्रचारात आलेली छत्तीस प्रश्नांची एसएफ-३६, युरोपीय संशोधकांच्या गटाने तयार केलेली पाच परिमाणांची ईक्यू-५डी आणि जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ या साधनांत उत्तर देणारा स्वतः रुग्ण आहे. हा बदल तांत्रिक वाटला तरी मूलतः तो नैतिक स्वरूपाचा आहे.

यांपैकी डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ हे साधन भारतीय संशोधनात विशेष वापरले जाते. शंभर प्रश्नांच्या मूळ साधनाच्या विकासात दिल्ली व चेन्नई या भारतीय केंद्रांचा सहभाग होता, हे त्याचे एक कारण आहे. संक्षिप्त साधनात एकूण २६ प्रश्न आहेत. दोन प्रश्न सर्वसाधारण स्वरूपाचे असून उरलेले २४ प्रश्न शारीरिक (७), मानसिक (६), सामाजिक संबंध (३) व परिसर (८) या चार क्षेत्रांत विभागले आहेत. प्रत्येक उत्तर एक ते पाच या श्रेणीत नोंदवले जाते. क्षेत्रातील उत्तरांची सरासरी काढून तिला चारने गुणले जाते आणि पुढे शून्य ते शंभर या पट्ट्यावर रूपांतर केले जाते.

येथेच पहिले गृहीतक दडलेले आहे. एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मापनाच्या श्रेणींचे जे वर्गीकरण केले त्यानुसार 'असमाधानी', 'मध्यम', 'समाधानी' ही उत्तरे क्रमसूचक आहेत. त्यांचा क्रम निश्चित आहे. परंतु दोन पायऱ्यांमधील अंतर समान आहे, याला आधार नाही. 'अत्यंत असमाधानी' पासून 'असमाधानी' पर्यंत येण्यास एखाद्या रुग्णाला दोन वर्षे लागतील, तर 'समाधानी' पासून 'अत्यंत समाधानी' पर्यंतचा प्रवास एका सणाच्या दिवशीही होईल. दोन्हींचे मूल्य एकच गुण. सरासरी काढणे म्हणजे हे अंतर समान मानणे होय. व्यवहारात हे गृहीतक अनेकदा निभावून जाते, हे मान्य करावे लागेल. मोठ्या नमुन्यात त्यामुळे होणारी चूक फारशी जाणवत नाही. परंतु तीस-चाळीस रुग्णांच्या दोन गटांतील चार-पाच गुणांच्या फरकावर निष्कर्ष उभारताना त्याचे विस्मरण परवडणारे नाही.

३. कुष्ठरोग : गणनेतून निसटलेला रुग्ण

जीवनगुणवत्तेचे मापन का आवश्यक आहे, हे वऱ्हाडात सर्वाधिक स्पष्टपणे कुष्ठरोगाच्या इतिहासातून दिसते. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीजवळ तपोवनाची स्थापना केली. त्या काळात कुष्ठरुग्णाचा प्रश्न हा औषधाचा जेवढा होता त्याहून अधिक निवाऱ्याचा, कामाचा आणि माणूस म्हणून ओळखले जाण्याचा होता. त्यानंतर १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार उपलब्ध झाला आणि सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा करणे शक्य झाले. जागतिक आरोग्य सभेने १९९१ साली ठरवलेले 'निर्मूलन' म्हणजे दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण. राष्ट्रीय पातळीवर भारताने हे उद्दिष्ट डिसेंबर २००५ मध्ये गाठले.

या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या संख्येने हे यश मोजले गेले ती संख्या कशी बनते, हे पाहणे अगत्याचे आहे. प्रचलन दरात उपचार चालू असलेल्यांची गणना होते. उपचार पूर्ण होताच रुग्णाचे नाव नोंदवहीतून कमी होते. बोटे झडलेला हात, संवेदना गेलेला पाय, मिटू न शकणारा डोळा आणि गावात मिळणारी वागणूक ही मात्र नोंदवहीबरोबर संपत नाहीत. रोगजंतूंच्या दृष्टीने बरा झालेला माणूस जगण्याच्या दृष्टीने दीर्घकालीन रुग्णच राहतो. त्याच्यासाठी प्रचलन दर निरुपयोगी आहे. जीवनगुणवत्तेचे मापन हाच त्याला पुन्हा गणनेत आणण्याचा मार्ग आहे.

या हेतूने विकसित झालेल्या साधनांत सहभाग मापनीचा उल्लेख करावा लागेल. नेपाळ, भारत व ब्राझील या देशांतील कामावर आधारलेली आणि २००६ साली प्रसिद्ध झालेली ही १८ प्रश्नांची मापनी प्रतिसादकाला स्वतःची तुलना आपल्यासारख्याच, परंतु हा आजार नसलेल्या व्यक्तींशी करावयास सांगते. गावातील इतरांप्रमाणे काम मिळते काय, समारंभांना जाता येते काय, घरच्या चर्चेत मताला किंमत असते काय, अशा स्वरूपाची ही विचारणा आहे. केवळ 'समाधानी आहात काय' या प्रश्नापेक्षा ही विचारणा अधिक ठोस आहे. तथापि, वसाहतीत आयुष्य काढलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तिची अडचण होते. चाळीस वर्षे ज्याचे शेजारी, सोयरे आणि सहकारी याच आजाराचे आहेत, त्याने तुलना कोणाशी करावयाची? सूचना काहीही असली तरी मनातील तुलना शेजारच्या खोलीतील माणसाशीच होणार.

येथून दुसरा, अधिक गहन प्रश्न उपस्थित होतो. गंभीर अपंगत्व असलेल्या व्यक्तींपैकी निम्म्याहून अधिकांनी आपली जीवनगुणवत्ता चांगली किंवा उत्तम असल्याचे सांगितल्याची नोंद आल्ब्रेख्ट व डेव्हलीगर यांनी १९९९ साली केली. याच वर्षी स्प्रँगर्स व श्वार्ट्झ यांनी 'प्रतिसाद-स्थलांतर' ही संकल्पना मांडली. आजाराबरोबर जगताना माणूस आपल्या अपेक्षा, प्राधान्ये आणि 'चांगले' या शब्दाचा अर्थच बदलतो. पहिल्या वर्षीचे तीन गुण आणि दहाव्या वर्षीचे चार गुण यांत जगणे सुधारले की मोजपट्टी बदलली, हे केवळ वजाबाकीने कळत नाही. वसाहतीतील वृद्धाचा उच्च गुणांक हा त्याच्या मनोधैर्याचा, सहजीवनाचा आणि संस्थेच्या कार्याचा पुरावा असू शकतो. तो अपेक्षा सोडून दिल्याचाही पुरावा असू शकतो. 'गुणांक चांगला आहे, म्हणून गरज कमी आहे' असा अर्थ त्यातून काढला गेल्यास ज्यांनी दुःख पचवले त्यांनाच त्याची शिक्षा मिळते.

४. सिकलसेल : पंधरवड्याची चौकट

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात दीर्घकाळ ज्ञात आहे. मेळघाटातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांसह विदर्भातील अनेक आदिवासी व दलित समूहांत तो आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. या आजाराचे वैशिष्ट्य असे की, रुग्ण अनेक आठवडे कामकाज करीत असतो आणि मध्येच तीव्र वेदनेचा झटका त्याला अंथरुणाला खिळवतो.

डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ प्रतिसादकाला गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून उत्तरे देण्यास सांगते. समजा, एखाद्या मुलीला वर्षातून चार वेळा, प्रत्येकी सात दिवसांचे आणि परस्परांपासून दूर असलेले झटके येतात. वर्षातील कोणताही पंधरवडा निवडला तर त्यात झटक्याचा एखादा तरी दिवस येण्याची शक्यता ३६५ पैकी ८०, म्हणजे सुमारे २२ टक्के आहे. उरलेल्या ७८ टक्के वेळा प्रश्नावलीत वेदनेचे प्रतिबिंब पडणार नाही. शाळा ज्या झटक्यांमुळे सुटली ते झटके मापनात नसतील आणि शारीरिक क्षेत्राचा गुणांक समाधानकारक दिसेल. उलट, रुग्णालयात दाखल झालेल्यांतून नमुना घेतला तर जवळजवळ प्रत्येकाचा पंधरवडा वेदनेचा असेल. पहिल्या नमुन्यात आजार सौम्य ठरतो, दुसऱ्यात असह्य. दोन अभ्यासांतील हा फरक रुग्णांतील नसून नमुना कोठून घेतला याचा आहे. चढउताराच्या आजारात एकदाच केलेले मापन पुरेसे नसते. तेच रुग्ण ठरावीक अंतराने पुन्हा पाहावे लागतात आणि सरासरीइतकेच व्यक्तीअंतर्गत विचलनही नोंदवावे लागते.

मेळघाटात भाषेचा प्रश्नही आहे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून मराठीशी तिचे नाते नाही. मराठी अनुवाद वाचून दाखवणारा अन्वेषक कोरकू रुग्णासमोर आयत्या वेळी स्वतःचा अनुवाद करीत असतो. प्रत्येक अन्वेषकाचा अनुवाद वेगळा असल्यास साधन प्रमाणित राहत नाही. सारखीच अवस्था असलेले दोन भिन्नभाषी रुग्ण एकाच प्रश्नाला वेगळे उत्तर देतात काय, हे तपासण्याच्या पद्धती संख्याशास्त्रात उपलब्ध आहेत; मूळ प्रश्न ऐकताना रुग्णाला काय समजले, हे विचारण्याची साधी पद्धतही उपलब्ध आहे. दुसरी पद्धत स्वस्त असूनही उपेक्षित आहे.

५. मूत्रपिंडविकार : हयात असलेल्यांची सरासरी

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांतील अनेक गावांत भूजल क्षारयुक्त असून मूत्रपिंडविकाराच्या तक्रारी तेथे अनेक वर्षे मांडल्या जात आहेत. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णास सामान्यतः आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस घ्यावे लागते. खेड्यातील रुग्णाला त्यासाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते. सोबत घरातील एकाची मजुरी बुडते.

अशा रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात एक गणिती सापळा असतो. समजा, दहा रुग्णांपैकी सहांचा आरंभीचा गुणांक प्रत्येकी ६० आणि चौघांचा प्रत्येकी ३५ आहे. गटाची सरासरी ५० येते. वर्षाअखेर ते चौघे मरण पावले आणि उरलेल्या सहांची प्रकृती खालावून प्रत्येकाचा गुणांक ५६ झाला. आता गटाची सरासरी ५६ आहे. चार मृत्यू झाले, जिवंत असलेला प्रत्येक रुग्ण खालावला, आणि अहवालात मात्र सहा गुणांची सुधारणा दिसते. उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातील तर्क प्रत्येक पाठपुराव्यात कार्यरत असतो. जे गळाले ते सहसा अधिक आजारी, अधिक गरीब किंवा अधिक दूरचे असतात. त्यामुळे गळती यादृच्छिक मानणे हे गैर ठरते. मृत्यू व गुणांक यांचा एकत्रित विचार करणारी प्रतिमाने वापरणे शक्य नसेल, तर निदान किती जण सुरू झाले, किती उरले आणि गेलेल्यांचा आरंभीचा गुणांक काय होता, एवढे तरी सारणीत द्यावयास हवे.

परिसर क्षेत्रातील आठ प्रश्नांत सुरक्षितता, घर, पैसा, आरोग्यसेवा, माहिती, विरंगुळा, भौतिक परिसर आणि वाहतूक यांचा समावेश आहे. पिण्याच्या पाण्याविषयी स्वतंत्र प्रश्न नाही. ज्या पट्ट्यात आजाराची चर्चा पाण्यापासून सुरू होते तेथे ही उणीव लहान नाही. आठ उत्तरांच्या सरासरीत बारमाही रस्ता पाण्याची भरपाई करून टाकतो. प्रत्यक्ष जगण्यात अशी भरपाई होत नाही.

६. रिकामा प्रश्न आणि अल्फाचे समाधान

सामाजिक संबंध या क्षेत्रात केवळ तीन प्रश्न आहेत आणि त्यांतील एक लैंगिक जीवनाविषयी आहे. सून समोर बसलेली असताना साठीच्या वृद्धेला किंवा पतीने सोडलेल्या स्त्रीला हा प्रश्न विचारणे अन्वेषकालाच अवघड जाते. बहुधा तो गाळला जातो. कुष्ठरोग हे २०१९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यानुसार घटस्फोटाचे एक कारण होते, हे लक्षात घेतल्यास रिकामी राहिलेली जागा निव्वळ संकोचाची नसते, हे उमगते. मात्र रूढ पद्धतीनुसार ती जागा उरलेल्या उत्तरांच्या सरासरीने भरली जाते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चार-चार असतील तर तिसरे उत्तरही चार धरले जाते आणि क्षेत्राचा गुणांक ७५ येतो. तिचे खरे उत्तर एक असते तर गुणांक ५० झाला असता. एका मौनाची किंमत पंचवीस गुण. तिसऱ्या प्रश्नाला किती प्रतिसादकांनी उत्तर दिले नाही, ही संख्या म्हणूनच क्षेत्राच्या सरासरीइतकी महत्त्वाची आहे.

साधनाच्या विश्वसनीयतेसाठी क्रॉनबॅक यांनी १९५१ साली मांडलेला अल्फा गुणांक दिला जातो आणि तो ०.७० पेक्षा अधिक असल्यास समाधान मानले जाते. हा गुणांक प्रश्नांच्या संख्येवर अवलंबून असतो. प्रश्नांमधील सरासरी सहसंबंध ०.४० असेल तर तीन प्रश्नांच्या क्षेत्राचा प्रमाणित अल्फा ०.६७ येतो आणि आठ प्रश्नांच्या क्षेत्राचा ०.८४. सहसंबंध तोच, निर्णय मात्र वेगळा. शिवाय प्रश्न परस्परांशी सुसंगत आहेत, एवढेच अल्फा सांगतो. ते योग्य गोष्ट विचारतात काय, याविषयी तो काहीच सांगत नाही. विश्वसनीयता ही सप्रमाणतेची पूर्वअट आहे, पर्याय नव्हे.

७. उत्तराचा प्रसंग

वऱ्हाडात प्रकृतीची चौकशी केल्यास 'बरं हाये' हे उत्तर बहुधा शिष्टाचार म्हणून येते. ते माहितीपेक्षा नात्याचे द्योतक असते. विचारणारा जितका परका, तितके हे उत्तर लवकर येते. विचारणारा संस्थेचा कर्मचारी असल्यास त्यात कृतज्ञतेची भर पडते. याला प्रतिसादातील अभिनती म्हणून संबोधता येईल; परंतु तिचे परिमाण एका गुणकाने दुरुस्त होणारे नाही. मुलाखत कोणी, कोठे व कोणासमोर घेतली, याची नोंद हाच तिच्यावरील प्राथमिक उपाय आहे.

मुलाखतीचा महिनाही तितकाच महत्त्वाचा ठरतो. मे महिन्यातील पाणीटंचाई, जूनमधील पेरणीचा घोर आणि कापसाच्या वेचणीनंतर हाती आलेला पैसा यांचा परिणाम परिसर व मानसिक क्षेत्रांवर होतो. आजारी गट मे महिन्यात आणि तुलनेचा निरोगी गट दिवाळीनंतर पाहिला गेल्यास आढळलेला फरक आजाराचा की ऋतूचा, हे सांगता येणार नाही. शैक्षणिक सत्राच्या सोयीने आखलेल्या प्रकल्पांत ही चूक सहज घडू शकते.

८. गुणांकाचे सार्वजनिक आयुष्य

हा प्रश्न केवळ संशोधनपद्धतीपुरता मर्यादित राहिलेला नाही. कोणत्या उपचारावर शासनाने खर्च करावा, याचा तौलनिक अभ्यास करण्यासाठी भारतात २०१७ पासून आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनाची व्यवस्था कार्यरत झाली. आयुष्याची वर्षे व त्यांची गुणवत्ता यांचा गुणाकार करून उपचाराचे मूल्य ठरवण्याची पद्धत तीत वापरली जाते. त्यासाठी ईक्यू-५डी-५एल या साधनाची भारतीय मूल्ये २०२२ साली प्रसिद्ध झाली. पाच परिमाणे व प्रत्येकी पाच पातळ्या यांतून ३,१२५ आरोग्यावस्था संभवतात आणि त्यांची किंमत सर्वसामान्य नागरिकांच्या पसंतीवरून ठरते. आजार भोगणाऱ्याच्या नव्हे. सार्वजनिक पैशाचा विनियोग सार्वजनिक मतानुसार व्हावा, हा त्यामागील युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. परंतु ज्या आजाराविषयी समाजाच्या मनात भीती व घृणा आहे, त्याच्या बाबतीत निरोगी माणसाची कल्पना आणि रुग्णाचा अनुभव यांत मोठे अंतर राहणार. अशा मूल्यांवर घेतलेल्या निर्णयात हे अंतर उघडपणे मांडले गेले पाहिजे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनाचा अर्थ जीवनगुणवत्ता मोजूच नये, असा नाही. मोजणे सोडले तर उपचार संपलेला कुष्ठरुग्ण पुन्हा अदृश्य होईल. मापनाचा आग्रह धरतानाच पुढील मर्यादा पाळणे आवश्यक आहे. एक, सरासरीबरोबर उत्तरांचे वितरण व मध्यक द्यावे. दोन, अनुत्तरित प्रश्नांची प्रश्ननिहाय संख्या द्यावी आणि त्या जागा कशा भरल्या, हे सांगावे. तीन, पाठपुराव्यात मृत्यू व गळती यांची स्वतंत्र सारणी द्यावी. चार, मुलाखतीचा महिना, स्थळ, भाषा आणि उपस्थित व्यक्ती यांची नोंद ठेवावी. पाच, सार्थकतेबरोबर तो फरक रुग्णाला स्वतःला जाणवण्याइतका आहे काय, याचा विचार करावा. सहा, स्थानिक आजारासाठी प्रमाणित साधनाला पूरक प्रश्न जोडावेत. मात्र त्यांचे गुण मूळ गुणांकात मिसळू नयेत.

यांपैकी एकाही अटीसाठी महागडी संगणक प्रणाली लागत नाही. लागतो तो वेळ आणि प्रतिसादकाविषयीचा आदर. अमरावती व अकोला येथील महाविद्यालयांना तपोवन, मेळघाट आणि खारपाणपट्टा ही तीनही क्षेत्रे एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर आहेत. तेथील रुग्णांनी प्रश्नावलीला दिलेला अर्धा तास हे त्यांच्याकडून घेतलेले ऋण आहे. ते केवळ सारणी छापून फिटत नाही. सारणीत जे मावले नाही त्याची कबुली देऊनच त्याची अंशतः फेड होऊ शकते.